गॅस दाबनियंत्रक (ड्राफ्ट बिअर)

गॅस दाबनियंत्रक अथवा रेग्युलेटर हे सिलिंडरमधील कार्बन डायऑक्साइडचा दाब उतरवून तो केगमधील (धातूच्या पिंपातील) बिअरला योग्य अशा पातळीवर स्थिर ठेवणारे उपकरण आहे. २० अंश सेल्सिअसला सिलिंडरमधील दाब सुमारे ५७ बार असतो. थंड केगला जेमतेम ०.८ बार, म्हणजे १२ पीएसआय, पुरतो. हा फरक उपकरणातील स्प्रिंग आणि लवचिक पडदा सांभाळतात.

निवड

दोन दाबमापकांचा रेग्युलेटर सोयीचा ठरतो: एकावर सिलिंडरचा, दुसऱ्यावर केगकडे जाणारा दाब दिसतो. सुरक्षा झडप असणे आवश्यक आहे. स्वयंपाकघरातील एलपीजीचा रेग्युलेटर येथे कदापि वापरू नये. तो सुमारे ०.०३ बार दाब देतो आणि कार्बन डायऑक्साइडच्या उच्च दाबासाठी बनवलेला नसतो. वसई पूर्वेकडील वालीव, गोखिवरे यांसारख्या औद्योगिक भागांत वेल्डिंगचे साहित्य वापरले जाते. त्यातील कार्बन डायऑक्साइडचे बरेच रेग्युलेटर मिनिटाला किती लिटर वायू वाहतो हे दाखवतात, दाब नव्हे. त्यामुळे दिसायला सारखे असले तरी ते या कामाचे नाहीत. वायूही खाद्यपेयांसाठीचाच असावा.

हवामानाचा परिणाम

कार्बन डायऑक्साइडचे क्रांतिक तापमान ३१.१ अंश आहे. वसई-विरारमध्ये उन्हाळ्यात पारा सहज त्यापुढे जातो. तेव्हा सिलिंडरमध्ये द्रव आणि वायू असा भेदच उरत नाही. त्याखालच्या तापमानातही द्रव शिल्लक असेपर्यंत उच्च दाबाचा काटा जवळपास हलत नाही, आणि द्रव संपला की झपाट्याने खाली येतो. म्हणून वायू किती उरला हे काट्यावरून नव्हे, तर सिलिंडरचे वजन करून त्यातून सिलिंडरवर कोरलेले रिकामे वजन वजा करूनच कळते.

जुळवणी

सिलिंडर उभा बांधून ठेवावा. दाबाचा स्क्रू पूर्ण सैल करून मगच सिलिंडरची झडप हळू उघडावी, आणि स्क्रू उजवीकडे फिरवत दाब वाढवावा. बिअर ४ अंशांना असल्यास सुमारे १२ पीएसआयला तिच्यात स्वतःच्या आकारमानाच्या अडीचपट वायू टिकतो. तीच बिअर ३० अंशांवर गेली तर तेवढाच वायू टिकवण्यास सुमारे ३८ पीएसआय लागतात. ग्लासात नुसता फेस येत असेल तर दाब कमी करण्याआधी केगचे तापमान तपासावे. दोष बहुधा तिथेच सापडतो. त्यानंतर नळीची लांबी पाहावी. फार आखूड नळीतून बिअर जोराने येऊन फेसाळते.

सुरक्षा आणि कायदा

कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा सुमारे दीडपट जड आहे. एलपीजीत गळती कळावी म्हणून वास मिसळलेला असतो. यात तसे काही नसते. बंद खोलीत गळती झाल्यास वायू जमिनीलगत साचून गुदमरण्याचा धोका असतो. सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे, आणि सिलिंडर हवेशीर जागी, उन्हापासून दूर ठेवावा. महाराष्ट्र दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय घरी बिअर तयार करण्यास मनाई आहे. सिलिंडरच्या सुरक्षेचे नियमन नागपूर येथे मुख्यालय असलेली पेट्रोलियम तथा विस्फोटक सुरक्षा संघटना गॅस सिलिंडर नियम, २०१६ अन्वये करते.