सापाच्या पिंजऱ्यातील सूक्ष्म कीड : ओळख व बंदोबस्त

प्राणिसंग्रहालयातील सर्पगृह असो, विष काढण्यासाठी साप ठेवणारी संस्था असो, किंवा परदेशी जातीचा साप रीतसर नोंदणी करून पाळणारे कुटुंब असो. बंदिस्त जागेत साप ठेवला म्हणजे एका बारीक शत्रूची दखल घ्यावीच लागते. टाचणीच्या डोक्याहून लहान असलेली ही कीड सापाचे रक्त शोषून जगते. तिच्याकडे दुर्लक्ष झाल्यास निरोगी साप हळूहळू क्षीण होतो. लहान पिल्ले तर दगावण्याचाही संभव असतो.

कीड कोणती?

भेंडी-वांग्यावरील लाल कोळी शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे. सापावरील ही कीड, म्हणजे माइट, त्याच अष्टपाद वर्गातील होय. तिचे शास्त्रीय नाव ऑफिओनिसस नॅट्रिसिस असे आहे. उपाशी मादी पिवळसर तपकिरी असते. रक्त प्याल्यावर ती फुगून काळपट लाल होते व तिची लांबी एक मिलिमीटरहून थोडी अधिक भरते. गोचीड एका जागी घट्ट चिकटून राहते. माइट मात्र खवल्यांवरून फिरताना दिसते.

ओळख कशी पटवावी?

डोळ्यांच्या कडा, हनुवटीखालची खाच आणि खवल्यांच्या फटी या ठिकाणी काळे ठिपके दिसतात. खवल्यांवर पांढरी धूळ पडल्यासारखी विष्ठा आढळते. साप तासन्‌तास पाण्याच्या भांड्यात पडून राहतो, अन्न नाकारतो, त्याची कात तुकड्यातुकड्यांनी निघते. भांड्याच्या तळाशी काळे कण साचलेले असल्यास संशय बळावतो. अशा वेळी पांढऱ्या ओल्या कापडाने सापाचे अंग हलकेच पुसावे. कापडावरील ठिपका चिरडल्यावर लाल डाग उमटला, तर निदान बहुधा पक्के समजावे.

परंतु पिंजऱ्यातील प्रत्येक बारीक जीव अपायकारक नसतो. दमट मातीत टुणकन उडी मारणारे पांढुरके कीटक कुजलेल्या पाल्यावर व बुरशीवर जगतात. जुन्या पुस्तकांत दिसणारे फिकट किडेही सापाला चावत नाहीत. ते वाढले, तर ओल अधिक झाली एवढाच त्याचा अर्थ होय. अस्तर बदलावे व हवा खेळती ठेवावी. त्यांच्यासाठी औषधाचा खटाटोप नको.

मूळ पिंजऱ्यात

या किडीची अंडी सापाच्या अंगावर क्वचितच असतात. मादी अंधाऱ्या, दमट फटींत अंडी घालते. एका मादीची ६० ते ८० अंडी होतात. सुमारे २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमानात अंड्यापासून पूर्ण वाढीपर्यंत साधारण दोन आठवडे लागतात. म्हणून केवळ साप स्वच्छ करून भागत नाही, आणि एकदाच उपचार करूनही भागत नाही. पहिल्या उपचारातून वाचलेली अंडी उबून नवी पिढी तयार होते.

तमिळनाडूत १९७८ साली स्थापन झालेल्या इरुळा सर्पपकड्यांच्या सहकारी संस्थेत साप मडक्यांत तीन-चार आठवडे ठेवतात व विष काढून पुन्हा रानात सोडतात. एवढ्या मुदतीत किडीची एक पिढी सहज पुरी होऊ शकते. यावरून साप ठेवण्याच्या भांड्याची स्वच्छता किती अगत्याची आहे, हे ध्यानी येईल.

बंदोबस्त

१. बाधित साप इतरांपासून वेगळा ठेवावा. त्याला हाताळल्यावर हात धुवावेत व कपडे बदलावेत.

२. पिंजऱ्यातील माती, पाला, भुसा काढून जाळावा. लाकडी सामान शक्यतो टाकून द्यावे.

३. पिंजरा रिकामा करून कढत पाण्याने धुवावा. ५० अंशांहून अधिक उष्णतेत कीड टिकत नाही. सांधे व फटी विशेष काळजीने साफ कराव्यात.

४. उपचार संपेपर्यंत तळाशी कोरा कागद अंथरावा व तो वरचेवर बदलावा.

५. बिनविषारी सापाला कोमट, उथळ पाण्यात अर्धा तास ठेवल्याने अंगावरील बरीच कीड बुडते. डोक्यावरची मात्र राहते. विषारी सापांची हाताळणी प्रशिक्षित व्यक्तींनीच करावी.

६. औषध व त्याचे प्रमाण पशुवैद्यकाने ठरवावे. सापासाठी वापरले जाणारे आयव्हरमेक्टिन कासवाला प्राणघातक ठरते. यावरून परस्पर औषधोपचारातील धोका लक्षात यावा.

७. सुमारे दोन आठवड्यांनी, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, सर्व उपचार पुन्हा करावेत.

रॉकेल, फिनेल, डांबरगोळ्या किंवा पिकांवरील कीटकनाशके कदापि वापरू नयेत. बंद पिंजऱ्यात त्यांच्या वाफेने किडीआधी सापच मरावयाचा. ही कीड प्रसंगी माणसालाही चावते व अंगावर खाजरे पुरळ येते. मात्र माणसाच्या अंगावर तिची वाढ होत नाही.

कायद्याची मर्यादा

नाग, घोणस, धामण, अजगर हे साप वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित असून परवानगीवाचून ते पकडणे वा बाळगणे हा गुन्हा आहे. आफ्रिकेतील बॉल पायथनसारख्या, आंतरराष्ट्रीय करारातील यादीत समाविष्ट असलेल्या परदेशी जातींची नोंदणी २०२२ ची दुरुस्ती व २०२४ चे नियम यांनुसार आवश्यक आहे. घरात वा शाळेत साप निघाल्यास तो बरणीत किंवा मडक्यात कोंडून ठेवू नये, वन खात्यास कळवावे. शिक्षकांनी ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबवावी. ज्यांच्या ताब्यात साप कायदेशीररीत्या आहे, त्यांनी त्याच्याइतकीच त्याच्या पिंजऱ्याचीही निगा राखणे हे त्यांचे कर्तव्य होय.