नोकरी सोडून योगवर्ग

बँकेतली नोकरी सोडून मी वेंगुर्ले तालुक्यातल्या आजोळच्या गावी योग शिकवायला आले, तेव्हा मुंबईच्या मैत्रिणी म्हणाल्या, ‘सुटलीस बाई!’ गावातल्या काकू मात्र हळूच विचारत, ‘असा काय झाला? नोकरी कित्याक सोडलंस?’ श्रोतेहो, या दोन्हींचे खरे उत्तर आज द्यावे म्हणते. कारण हल्ली पुष्कळ जण हाच विचार मनात घोळवत असतात, आणि त्यांच्या डोळ्यांपुढे असते ते वाळूवर पद्मासनात बसलेल्या कुणाचे तरी छायाचित्र.

माझी नोकरी वाईट नव्हती. पण महिनाअखेरची उद्दिष्टे, रात्री अकराला येणारे फोन आणि उडालेली झोप असे सतरा वर्षे चालले. झोपेसाठी म्हणून योगवर्गाला जाऊ लागले आणि तिथेच रमले. तरी राजीनामा दिला तो तीन वर्षे शिकल्यानंतर. हे आधी सांगते, कारण स्वतःला बरे वाटणे वेगळे आणि दुसऱ्याला शिकवता येणे वेगळे.

समुद्राकाठी योग शिकवण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. मणिभाई देसाई नावाचा तरुण मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकत होता. नर्मदाकाठच्या मालसर येथील परमहंस माधवदासजींकडे तो गेला आणि पुढे श्रीयोगेंद्र म्हणून ओळखला जाऊ लागला. त्याने २५ डिसेंबर १९१८ रोजी वर्सोव्याला, दादाभाई नौरोजींच्या समुद्राकाठच्या घरी ‘द योग इन्स्टिट्यूट’ सुरू केली. तीच संस्था आज सांताक्रूझला आहे. गुहेतल्या साधकाऐवजी घरसंसारातल्या माणसाला योग शिकवायचा, हा त्यांचा आग्रह. माधवदासजींचेच दुसरे शिष्य स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि आसन-प्राणायामाचा शरीरावर काय परिणाम होतो, हे यंत्रांनी मोजायला सुरुवात केली.

आज शिक्षक होण्यासाठी सरकारमान्य परीक्षाही आहेत. आयुष मंत्रालयाच्या अखत्यारीत २०१८ साली योग प्रमाणीकरण मंडळ आले. त्याच्या परीक्षेत लेखी भागाबरोबर प्रात्यक्षिक असते आणि शिकवूनही दाखवावे लागते. आठवड्याभराच्या शिबिराचे प्रमाणपत्र भिंतीवर शोभते. समोर साठ वर्षांच्या, गुडघे धरलेल्या आजी बसल्या की ते उपयोगी पडत नाही.

आता गावाकडे वळू. पहिला धडा वाळूने दिला. किनारा उतरता असतो आणि मऊ वाळूत मनगट व घोटा खचतात. वृक्षासनासारखे तोल सांभाळण्याचे आसन तिथे नवशिक्याने करू नये. म्हणून आमचा वर्ग देवळाच्या सभामंडपात भरतो, उन्हाळ्यात कुणाच्या तरी खळ्यात. दुसरा धडा वेळेचा. पहाटे सहाचा वर्ग मी ठरवला, तर कुणी येईना. त्या वेळी होड्या परतत असतात, बायका मासळीच्या लिलावाला जातात. मार्च ते मे आंबा-काजूची धांदल, पाऊस लागला की लावणी, गणपतीत चाकरमानी घरी. शेवटी वर्गाची वेळ दुपारी चारची झाली, आणि पावसाळी मासेमारीबंदीच्या दिवसांत पुरुषांचा वेगळा वर्ग.

तिसरा धडा एका काकूंनी दिला. ‘शेतात दिसभर वाकतंवच आमी, हय येवन परत वाकूचा?’ प्रश्न बिनतोड होता. लावणी करताना माणूस तासन्‌तास कमरेतून, पाठ गोल करून वाकतो. रापण ओढणाऱ्याच्याही पाठीवर असाच ताण येतो. मणक्यांमधल्या गाद्यांवर पुढच्या बाजूने दाब पडत राहतो आणि पाठीचे स्नायू थकतात. अशा माणसाला पश्चिमोत्तानासन देणे म्हणजे दुखत्यावर आणखी ताण. त्याला हवे उलट्या दिशेचे काम : बेताचे भुजंगासन, सेतुबंध, मार्जारासन, आणि पाठ सरळ ठेवून खुब्यातून वाकण्याची सवय. मुंबईच्या वर्गातला क्रम मी इथे जवळजवळ पुसून टाकला.

एक चूकही कबूल करते. सुरुवातीच्या दिवसांत एका बाईंना मी सर्वांगासन करायला लावले. उठताना त्यांना भोवळ आली. नंतर कळले की त्यांना रक्तदाबाचा त्रास आहे. त्यांनी सांगितले नव्हते, कारण मी विचारलेच नव्हते. सुदैवाने निभावले. तेव्हापासून नव्या माणसाला आधी वहीत लिहायला लावते : रक्तदाब, मधुमेह, काचबिंदू, शस्त्रक्रिया, बाळंतपण. वाढलेल्या रक्तदाबात श्वास रोखणे नको, काचबिंदू असेल तर डोके खाली जाणारी आसने नकोत. आणि औषध बंद करा असे योगशिक्षकाने कधीही सांगू नये.

मग योगाने होते काय? कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१७ साली कंबरदुखीवरच्या प्रयोगांचा आढावा घेतला. काहीच व्यायाम न करण्यापेक्षा योगाने थोडा ते मध्यम फायदा दिसला. इतर व्यायामांच्या तुलनेत फारसा फरक दिसला नाही. श्वास सावकाश सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, हेही मोजून पाहिलेले आहे. एवढे सांगितले तरी पुरे. पतंजलींच्या सुमारे १९५ सूत्रांपैकी थेट आसनाविषयीची तीनच आहेत. बाकीचा बहुतेक ग्रंथ मनाविषयी आहे. चमत्काराची आशा दाखवून माणसे जमतात, पण ती टिकत नाहीत.

पैशांचेही बोलू. गावात महिन्याला दोनशे रुपये फी, तीही कधी नारळ, कधी कोकमाच्या रूपात मिळते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी पर्यटक येतात, त्यांच्या वर्गावर वर्ष निघते. पण तेच वर्ग वाढवले तर सभामंडपातल्या काकूंना वेळ उरत नाही. दर हिवाळ्यात हा हिशेब मला नव्याने करावा लागतो. जे यायचा विचार करत असतील त्यांनी दोन वर्षांचा घरखर्च बाजूला ठेवावा, नोकरीबरोबर कंपनीचा आरोग्यविमा संपतो हे ध्यानात धरून स्वतःचा घ्यावा, आणि राजीनाम्यापूर्वी निदान एक पावसाळा त्या गावात काढावा. जुलैत वीज जाते, कपडे वाळत नाहीत, समुद्राचा आवाज रात्रभर झोपू देत नाही.

‘सुटलीस’ म्हणणाऱ्या मैत्रिणींना सांगते, मी सुटले नाही. कामाचा ताण इथेही आहे. फरक इतकाच, की चूक झाली तर ती कुणाच्या पाठीला झाली हे मला समोर दिसते. आणि ‘नोकरी कित्याक सोडलंस’ विचारणाऱ्या काकू? गेल्या लावणीत त्या बांधावर उभ्या राहून सुनेला ओरडत होत्या, ‘कंबरेतना नको, खुब्यातना वाक!’ मी रस्त्याने जात होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)