टीव्हीवरचा पूर्वज एवढा गबाळा का?

रिॲलिटी शोमधला अश्मयुगीन माणूस ओळखायला सोपा. केस पिंजारलेले, तोंडाला काजळी, अंगावर कातड्याच्या चिंध्या.

आता खऱ्या माणसाला भेटा. १९९१ मध्ये आल्प्सच्या बर्फात सापडलेला ओत्झी सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा. त्याचा अंगरखा शेळी-मेंढीच्या कातड्याचा, फिक्या-गडद पट्ट्या जोडून शिवलेला. डोक्यावर अस्वलाच्या कातड्याची टोपी, बुटांत उबेसाठी गवत कोंबलेलं. शिवाय जवळ बर्चच्या सालीचा डबा, आत मेपलची पानं आणि कोळशाचे कण. म्हणजे गडी निखारे सोबत घेऊन फिरत होता. शोमधली मंडळी दोन काड्या घासत अख्खा एपिसोड घालवतात.

शिकारीचंही तेच. भाला, आरडाओरडा, पाठलाग! १९६० च्या दशकात रिचर्ड ली या मानववंशशास्त्रज्ञाने कलाहारीच्या वाळवंटात शिकारी-संग्राहकांच्या पोटापाण्याचा हिशेब मांडला. खाण्यातला मोठा वाटा मांसाचा नव्हताच, तो कंदमुळांचा आणि मोंगोंगो नावाच्या कवचीफळाचा निघाला. अन्न गोळा करायला आठवड्यातले जेमतेम अडीच दिवस लागत. (सोलणं-भाजणं आणि हत्यारांची डागडुजी वेगळी, घरकाम कुठल्याच युगात सुटलेलं नाही.) पण फळं फोडत गप्पा मारणारी माणसं दाखवून टीआरपी कुठून येणार?

लोहयुगातल्या गोल झोपडीच्या छपराला टीव्हीवाले हमखास धुराचं भोक पाडतात. इंग्लंडमध्ये बट्सर इथे १९७२ पासून तशा झोपड्या प्रत्यक्ष बांधून बघताहेत. तिथला अनुभव उलटा. भोक ठेवलं की वारा ओढला जातो, ठिणग्या वर उडतात आणि शाकारलेलं छप्पर पेटू शकतं. भोक नसेल तर धूर गवतातून सावकाश झिरपतो, वर जाता जाता छपरातल्या किड्यांचाही बंदोबस्त करतो.

सगळ्यात मजेशीर प्रकार अमेरिकेतला. ‘फ्रंटियर हाउस’ या २००२ च्या मालिकेत तीन कुटुंबं मोंटानात १८८३ सालासारखी राहिली. त्यातल्या एका कुटुंबाने नियम मोडून हद्दीबाहेरच्या शेजाऱ्यांशी गुपचूप देवाणघेवाण केली आणि ते पकडलं गेलं. माझ्या मते अख्ख्या मालिकेत अस्सल एवढंच होतं! खरे वसाहतवाले शेजाऱ्यांशी अदलाबदल आणि दुकानदाराकडे उधारी करतच तगले. एकट्याने झुंजणारा वीर ही कॅमेऱ्याची गरज.

आणि मुदत? बीबीसीच्या १९७८ च्या ‘लिव्हिंग इन द पास्ट’साठी स्वयंसेवक लोहयुगातल्यासारखे वर्षभर राहिले, शेती केली, जनावरं पाळली. २००१ मध्ये दाखवलेल्या मालिकेसाठी वेल्समध्ये तोच प्रयोग पुन्हा झाला. या वेळी लोहयुग सात आठवड्यांत उरकलं. एवढ्यात मेथीची जुडी निघेल, गहू नाही.