पाचवा गिअर

आमच्या लहानपणी कोल्हापूरच्या राजारामपुरीत जपानी स्पोर्ट्स कार दिसायची ती भिंतीवरच्या पोस्टरवर. रस्त्यावर जपानचं जे काही वेगवान होतं ते दोन चाकांचं होतं, मागं निळसर धूर सोडायचं आणि त्याला सगळे नुसतं 'यामाहा' म्हणायचे. मॉडेल सांगायची गरजच नसे. गाडी मेन रोडवरून गल्लीत वळायच्या आधी आवाजावरून कळायचं, कुणाची आली ते.

आरएक्स १०० आली १९८५च्या नोव्हेंबरात. एस्कॉर्ट्सनं ती यामाहाच्या सहकार्यानं आणली. तोवर एस्कॉर्ट्स म्हटलं की लोकांना आठवायची ती दुधाचे कॅन लटकवलेली राजदूत. त्याच कंपनीची राजदूत ३५०, म्हणजे आरडी, दोन वर्षं आधीच आली होती. दोन सिलिंडर, ३४७ सीसी. पण ती पेट्रोल अशी प्यायची की घेणाऱ्याच्या बापाचं ऊसबिल दांडगं असावं लागायचं. शंभर मात्र पगारदाराच्या आवाक्यातली होती. त्याच दोन-तीन वर्षांत इंड-सुझुकी, हिरो होंडा सीडी १०० आणि कावासाकी बजाजही आल्या. चारही जपानी, चारही शंभरीच्या. हिरो होंडावाला भेटला की अॅव्हरेज सांगायचा, यामाहावाला पिकअप.

कागदावर बघितलं तर आकडे किरकोळ: ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, वजन १०३ किलो. पण टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला पेट्रोल पेटतं, फोर-स्ट्रोकला त्यासाठी दोन फेरे लागतात. त्यात वजन एवढंसं, त्यामुळं मूठ पिळली की गाडी हातातून निसटते की काय असं वाटायचं. थांबण्याचं मात्र काही बोलू नका. पुढं-मागं ड्रम ब्रेक, आणि पावसाळ्यात त्यांत पाणी शिरलं की देवाचं नाव घ्यायचं. शंभरवर आरत्या लिहिणाऱ्यांनी एकदा जुलैत पन्हाळ्याहून तिच्यावर उतरून यावं.

पुढं १९९६ला धुराचे नियम कडक झाले आणि शंभर बंद पडली. तिच्या जागी आरएक्सजी आली. सीसी १३२, म्हणजे तिसरा हिस्सा वाढ, आणि स्वभाव एकदम समजूतदार. सुरुवातीला बरी पळायची, वर गेल्यावर दम टाकायची. गल्लीत 'जी' घेणाऱ्याला लोक 'शंभर मिळाली नाही वाटतं' असं विचारायचे. तिच्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं माझ्याकडं काही नाही.

मग आरएक्स १३५ आली. आधी चार गिअरची, १२ हॉर्सपॉवरची. मागोमाग पाच गिअरची, १४ हॉर्सपॉवरची. माझं मत इथं गल्लीपासून फुटतं. माझ्या मते या घराण्यातली सगळ्यात चांगली गाडी ही पाच गिअरचीच. वाघबीळचा घाट चढताना शंभरला दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मधे एक खड्डा आहे. दुसऱ्यात इंजिन किंचाळतं, तिसऱ्यात टाकली की घुसमटतं. पाच गिअरच्या गाडीत तो खड्डा बुजवलाय. प्रत्येक वळणाला हवा तो गिअर पायाखाली असतो. तरी आज बाजारात चांगली शंभर लाखाच्या पुढं बोलतात आणि माझ्या गाडीकडं बघून म्हणतात, 'असू दे, हीपण चालतीय की.'

या शंभरच्या वेडापायी आम्हीही एकदा हात पोळून घेतलेत. धाकट्या भावानं एका एजंटाकडून '८९ची ओरिजिनल' घेतली. टाकी, सीट, इंडिकेटर, सगळं शंभरचं. आठ दिवसांनी माझ्या मिस्त्रीनं इंजिनावरचं तेल फडक्यानं पुसलं आणि नंबर वाचून आरसी बुकाकडं बघत नुसता हसला. खाली इंजिन एकशेपस्तीसचं होतं. तिच्या पिकअपचं कौतुक आम्ही आठवडाभर शंभरचं म्हणून करत होतो!

हा मिस्त्री शिवाजी उद्यमनगरातला, आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. कोल्हापूरच्या फौंड्र्या आणि लेथ तिथं शेजारीशेजारी आहेत, म्हणून इथं या गाड्या टिकल्या असं मला वाटतं. दुसऱ्या गावात पार्ट मिळेना झाला की गाडी भंगारात जायची, इथं पार्ट टर्न करून मिळायचा. सायलेन्सर काजळीनं चोंदला की मिस्त्री आतली पुंगळी ओढून काढायचा, रॉकेलच्या चिंध्यांत गुंडाळून पेटवायचा आणि निवल्यावर दगडावर आपटायचा. काळ्या पापुद्र्यांचा ढीग पडायचा. काही पोरं पुंगळी परत बसवू द्यायची नाहीत. शाहू स्टेडियमवर मॅच असली की ती पोरं कुठून चाललीत हे अख्ख्या राजारामपुरीला ऐकू यायचं, आणि पोलिसांनाही.

१३५ बंद झाली ती २००५च्या सुमारास. तिकडं इंडोनेशियात हिची बहीण आरएक्स किंग २००९पर्यंत टिकली. इकडं १५ वर्षं उलटलेल्या गाडीला दर पाच वर्षांनी नोंदणी नव्यानं करून घ्यावी लागते. २०२२ला ती फी ३००वरून १,००० रुपये झाली. गाडी विकायची असती तर तेव्हाच विकली असती.

परवा इंजिन परत उघडलं. रिंग गेल्या होत्या. मिस्त्रीनं ब्लॉक उजेडाकडं धरून आत बोट फिरवलं, वरच्या कडेपाशी नख अडलं. आजवर पाव, अर्धा, पाऊण आणि एक मिलिमीटर, असे चारही ओव्हरसाइझ पिस्टन बसवून झालेत.

"आता बोर मारायला जागा नाही," तो म्हणाला.

"मग?"

"लायनर टाकायचा. परत स्टँडर्डपासनं सुरू."