गर्दीचा पूल दिसला की छातीत धडधड का होते?

29 सप्टेंबर 2017. भर पावसात एल्फिन्स्टन रोड (आताचं प्रभादेवी) स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली. 23 जणांचा जीव गेला. अशा प्रसंगानंतर काहींच्या मनात कुठल्याही गर्दीच्या पुलाची भीती बसते. असं का होतं?

मेंदूतला अमिग्डाला हा भाग धोक्याशी गर्दी, पाऊस, जिना यांचीही सांगड घालतो. मग धोका नसतानाही नुसता जिना पाहून घाम फुटतो. पूल टाळला की हायसं वाटतं, पण त्यानेच भीती पक्की होते. कारण पूल सुखरूप ओलांडता येतो, हे मेंदूला कळतच नाही.

म्हणून उपचारात आधी रिकाम्या पुलावर, मग थोड्या गर्दीत, असा टप्प्याटप्प्याने सराव करून घेतात. ही भीती म्हणजे भित्रेपणा नव्हे. मदतीसाठी टेली-मानसचा मोफत क्रमांक: 14416.