मासे धरणारा कोळी

कोळी हा शब्द कानीं पडतांच आपल्या डोळ्यांपुढें दोघेजण उभे राहतात. एक होडी घेऊन समुद्रावर जाळें टाकणारा, आणि दुसरा घराच्या कोपऱ्यांत जाळें विणून बसणारा. आज ज्याच्याविषयीं मी बोलणार आहें त्याच्यांत या दोघांचाही अंश आहे. तो आठ पायांचा असून पाण्यावर मासे धरतो. मात्र शिकारीचें जाळें त्याच्यापाशीं मुळींच नाहीं! अमेरिकेंतील संथ तळ्यांच्या कांठीं आढळणाऱ्या या जातीला शास्त्रांत डोलोमेडीस ट्रायटन असें नांव आहे. तिकडील कांहीं हौशी लोक हा प्राणी घरीं बाळगतात. त्याची निगा कशी राखावी, आणि नवशिका कोठें चुकतो, हें आज सांगावयाचें आहे.

हा कोळी पाणवनस्पतीच्या पानावर मागचे पाय टेकून बसतो आणि पुढचे पाय पाण्याच्या पृष्ठभागावर ठेवतो. एखादा किडा पाण्यांत पडून धडपडूं लागला कीं जे तरंग उठतात, ते त्याला पायांनींच कळतात. घरांतला कोळी जें धाग्यांवरून जाणतो, तें हा पाण्यावरून जाणतो. तळें हेंच त्याचें जाळें म्हणाना. त्याच्या केसाळ अंगाला पाणी लागत नाहीं. भय वाटलें तर तो बुडी मारतो, आणि केसांत अडकलेल्या हवेवर अर्धा अर्धा तास खालीं राहूं शकतो. लहान मासा किंवा बेडकाचें पिल्लूं हें मात्र त्याचें क्वचित्‌चें पक्वान्न. रोजचें पोट किड्यांवरच भरतें.

मासे धरणारा म्हटल्यावर नवशिका पेटी पाण्यानें भरून टाकतो. तसें करूं नये. सुमारें फूटभर उंचीची कांचेची पेटी घ्यावी, तळाशीं दोन बोटें पाणी ठेवावें, आणि त्यांतून वरपर्यंत जाणारा झाडाच्या सालीचा तुकडा तिरपा उभा करावा. झांकण बारीक जाळीचें व घट्ट हवें. पेटी उन्हांत ठेवूं नये. आठवड्यांतून दोनदां, त्याच्या धडाहून मोठा नसलेला एखादा रातकिडा पुरे होतो. खाऊन टाकलेले अवशेष चिमट्यानें काढावे, नाहीं तर पाणी नासतें. त्याला हातावर घेण्याचा मोहही टाळावा. त्याचा दंश सहसा मधमाशीच्या डंखाइतकाच असला, तरी दचकून तो उडाला तर शोधीत बसावें लागतें.

खरी कसोटी येते ती कात टाकण्याच्या वेळीं. एक दिवस कोळी अन्न नाकारतो व स्वस्थ बसून राहतो. तो आजारी पडला, या समजुतीनें धनी काळजीपोटीं आणखी दोन रातकिडे आंत सोडतो. रात्रीं कोळी उलटा लोंबकळून जुनी कात सोडतो, तेव्हां त्याचें अंग लोण्यासारखें मऊ असतें, विषदंतही मऊ असतात. मोकळा रातकिडा अशा वेळीं त्यालाच कुरतडतो. शिकारी आपल्याच भक्ष्याच्या तोंडीं जातो, आणि तोही प्रेमामुळें! म्हणून अन्न नाकारलें कीं आंतील किडा काढून घ्यावा, पेटी हलवूं नये, आणि कात टाकल्यावर विषदंत पुन्हां काळे होईपर्यंत कांहीं दिवस थांबावें. एखादा पाय तुटला असेल तर वाढत्या वयांत पुढच्या कातीबरोबर तो बहुधा नवा फुटतो. पूर्ण वाढ झाल्यावर मात्र कात नाहीं, नवा पायही नाहीं.

एका पेटींत एकच कोळी ठेवावा, कारण तो आपल्या जातभाईलाही सोडीत नाहीं. याचाच एक भाऊबंद, डोलोमेडीस प्लँटेरियस, इंग्लंडमध्यें रेडग्रेव्ह व लोफम येथील दलदलींत १९५६ सालीं प्रथम आढळला. तो दुर्मिळ असल्यानें १९८१ च्या कायद्यानें त्याला संरक्षण आहे, आणि परवान्याशिवाय तो पकडतां येत नाहीं. पुढें त्याचीं पिल्लें प्राणिसंग्रहालयांतून वाढवून नव्या दलदलींत सोडण्यांत आलीं, तेव्हांही प्रत्येक पिल्लाला स्वतंत्र कांचनळी दिली होती, आणि एकेकाला बारीक माशा भरवाव्या लागत.

मादी अंड्यांची गोल पिशवी तोंडांत धरून हिंडते. पिल्लें निघण्याच्या सुमारास मात्र ती पानांभोंवतीं तंतूंचा तंबू विणते आणि शेजारीं पहारा देते. जन्मभर ज्यानें जाळ्यावांचून शिकार केली, त्याच्या घरांतलें जाळें असें पाळण्यापुरतेंच असतें. तंबू दिसला कीं पेटीचें झांकण आणखी बारीक जाळीचें करावें. पिल्लें शेंकड्यांनीं बाहेर पडतात.