बंधारा ते बंधारा : भोगावतीवर दोन वल्ही आणि एक गळ

पावसाळ्यात कोल्हापूरच्या वर्तमानपत्रांत रोज एक यादी छापून येते. वर राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी आणि खाली पाण्यात गेलेल्या बंधाऱ्यांची नावं. पंचगंगेवरचे राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ. भोगावतीवरचे तारळे, शिरगाव, राशिवडे, हळदी, सरकारी कोगे, खडक कोगे. कासारीवरचे यवलूज, पुनाळ-तिरपण, ठाणे-आळवे, वालोली, बाजारभोगाव. ज्याचं रान किंवा सासर पलीकडच्या काठाला आहे, तो वाट बंद झाली का हे बघायला ही यादी वाचतो. मी तिची कात्रणं जपून ठेवतो. पुरात बुडालेले हेच बंधारे दिवाळीनंतर उघडे पडतात आणि त्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, लागतात. मग होडीत बसून नदी उतरायची असेल, तर कुठे थांबायचं, कुठे होडी उचलायची आणि कुठे गळ टाकून बसायचं, हे सगळं त्या यादीत आधीच लिहिलेलं असतं.

नदीची ओळख थोडक्यात करून देतो, कारण शाळेत ती सगळ्यांनी पाठ केली आहे. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार नद्या आणि पाचवी गुप्त सरस्वती मिळून पंचगंगा होते. प्रयाग चिखलीच्या संगमापासून तिला हे नाव मिळतं आणि नृसिंहवाडीला ती कृष्णेत जाते. भोगावतीवर राधानगरीचं धरण आहे. शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याचं काम हाती घेतलं आणि ते पुरं व्हायला १९५० चं दशक उजाडलं. धरण भरलं की त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात. एवढं पुरे.

आता बंधारा. 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' हे नाव आज महाराष्ट्रभर पाटबंधाऱ्याच्या कागदांवर असतं, पण त्यातली युक्ती किती साधी आहे हे काठावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. खडकावर दगडी खांब एका रांगेत उभे करायचे, दोन खांबांमध्ये दीड-दोन मीटरचे गाळे मोकळे ठेवायचे आणि खांबांच्या बाजूंना खाचा पाडायच्या. पावसाळा संपून प्रवाह ओसरला की खाचांत बरगे बसवायचे. पूर्वी लाकडी फळ्यांच्या दोन रांगा घालून मधे माती ठासत, आता बहुतेक ठिकाणी लोखंडी बरगे आहेत. पावसाळ्यापूर्वी बरगे काढले की पूर गाळ्यांतून आणि बंधाऱ्याच्या डोक्यावरून निघून जातो, गाळही सोबत घेऊन जातो. एरवी वरचा स्लॅब पूल म्हणून वापरायचा. ऊस जगवण्यासाठी केलेली ही सोय होडीवाल्याला फार मोठं दान देऊन गेली आहे. डिसेंबरात दख्खनच्या इतर कितीतरी नद्यांचे खडक उघडे पडलेले असताना आमची भोगावती काठोकाठ, संथ आणि वल्हवण्याजोगी असते. एक बंधारा संपला की पुढच्याचा फुगवटा सुरू होतो. नदी पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाते आणि प्रत्येक पायरीवर पाणी थांबलेलं असतं.

म्हणून सहलीचा बेत आखताना माझा पहिला आग्रह असा की, किलोमीटर मोजू नयेत, बंधारे मोजावेत. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी राशिवड्याच्या खाली होडी पाण्यात घालावी, हळदीच्या बंधाऱ्यापाशी उचलावी, पुन्हा घालावी आणि कोग्याकडे निघावं. वाटेत बीडच्या बाजूला तुळशी येऊन मिळते. घाई करणाऱ्यानं या वाटेला जाऊच नये. थांबलेल्या पाण्यात प्रवाह ढकलत नाही, सगळं अंतर आपल्या दंडांनी कापायचं असतं, आणि दुपारी समोरून वारं सुटलं की वेग निम्म्यावर येतो.

होडी कोणती घ्यावी, यावर आमच्या मंडळींत कायम वाद होतो. या मुलखाची स्वतःची म्हणावी अशी होडी एकच, ती म्हणजे काहील. गुऱ्हाळात उसाचा रस आटवायची ती सपाट बुडाची, माणूस आडवा झोपेल एवढी लोखंडी कढई. महापुरात कोल्हापूर-सांगलीकडच्या गावांनी काहिलीत बसवून म्हातारीकोतारी, पोरं आणि शेरडं बाहेर काढली आहेत. २०१९ आणि २०२१ साली राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं (धोक्याची पातळी ४३ फुटांची), तेव्हाही ती कामाला आली. मला तिच्याबद्दल अतोनात आदर आहे. तुंगभद्रेवरच्या कातडी मढवलेल्या गोल टोपल्यांची ती लोखंडी बहीण. पण काहील स्वतःभोवती फिरते, कडेला जरा वजन पडलं की पाणी आत घेते आणि बंधाऱ्यावरून ती पलीकडे न्यायला सहा माणसं लागतात. सहलीला ती नको. भोई मंडळी थर्माकोलच्या तराफ्यावर किंवा ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळी लावतात. तेही त्यांनाच जमतं, त्यांचा तोल लहानपणापासूनचा.

माझं मत हवेच्या कॅनोच्या बाजूनं आहे. दोन माणसांची, जाड कापडाची, तीन कप्प्यांत हवा भरायची. फायबरची कॅनो पाण्यावर जास्त सरळ चालते हे खरं, पण आपल्या वाटेत बंधारे आहेत. हवेची होडी दोघांनी खांद्यावर घेऊन मळीच्या रानातून, उसाच्या बांधावरून पलीकडे नेता येते. पुढे बसणाऱ्यानं वल्हवायचं, मागच्यानं दिशा धरायची. गळ टाकताना एकानंच टाकायचा, दुसऱ्यानं होडी स्थिर ठेवायची. दोघंही एकदम मासे धरायला लागले की होडी हमखास मोटारीच्या पाइपांत जाऊन अडकते.

हे पाइप आणि त्यांचे दोर यांच्यावर नजर हवी. दोन्ही काठांना पाणी उपसणाऱ्या मोटारी आहेत, जॅकवेल आहेत, विजेच्या तारा आहेत. त्यांच्या तोंडाशी जायचं नाही. आणि बंधारा दिसू लागला की, त्याच्या बऱ्याच अलीकडे काठाला लागायचं. वरून पाणी शांत दिसतं, पण एखाद्या गाळ्यातला बरगा काढलेला असेल तर त्या फटीतून ते प्रचंड जोरानं खाली ओढलं जात असतं. होडी तिथे आडवी चिकटली तर माणसाच्या ताकदीनं सुटत नाही. निघण्यापूर्वी पाटबंधारे खात्याच्या स्थानिक कर्मचाऱ्याला किंवा बंधाऱ्याजवळच्या शेतकऱ्याला विचारावं की आवर्तन सुटलंय का. अंगात जॅकेट घालावं. पट्टीचा पोहणारा असला तरीही.

मगरींचंही सांगायला हवं. कृष्णेत, सांगली जिल्ह्यातल्या भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात त्या पिढ्यान्‌पिढ्या आहेत, वारणेत आहेत, खालच्या पंचगंगेतही दिसतात. थंडीत सकाळी त्या वाळूवर ऊन खात पडलेल्या असतात, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला अंडी घातल्यावर मादी जागा सोडत नाही. वरच्या भोगावतीला जातानाही मी काठावर धुणं धुणाऱ्या बायकांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरत नाही. नदीत काय आहे हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

आता मासे. खरं तर इथे येण्यासाठीच मी एवढं वल्हवलं.

काठच्या पाणवनस्पतींत मरळ असतो. तो हवेतला श्वास घेतो, त्यामुळे मधूनच पाणी फुटल्याचा आवाज येतो आणि त्याची जागा कळते. पावसाळ्यात तांबूस पिलांचा थवा दिसला तर खाली आईबाप राखणीला असतात, तेव्हा त्यांना हात लावू नये. वाम अंधार पडताना दगडांच्या कपारीतून बाहेर येते आणि गांडुळावर तुटून पडते. शिंगाळा खोल डोहात, तळाशी असतो. रोहू, कटला, मृगळ हे सोडलेल्या बीजाचे मासे. त्यांना शेंगपेंड आणि कणकेचा गोळा चालतो. चिलापी बाहेरून आलेली आणि सगळीकडे झालेली, तिला पुन्हा पाण्यात सोडू नये, खर्डा लावून तव्यावर टाकावी. जानेवारीच्या कडाक्यात मासे सुस्त असतात, त्यामुळे गळासाठीच जायचं तर फेब्रुवारी बरा. पाणी आणि पक्षी बघायचे तर डिसेंबर.

पण ज्या माशानं मला या नदीला बांधून ठेवलंय, तो गळाला सहसा लागत नाही आणि ताटात त्याला कुणी किंमत देत नाही. बोटभर लांबीचा, चपटा, चंदेरी. एकदा हळदीच्या बाजूला एका वयस्क भोई मामांनी जाळ्यातला मासा हातात घेऊन मला दाखवला. त्याच्या कुशीवरची खवलं पट्टीनं तासल्यासारखी गेली होती. जाळ्यानं निघाली असतील, असं मी म्हणालो. मामांनी मान हलवली. "न्हाई पाव्हणं. ही चोरानं न्हेली. त्यो माशाला खात न्हाई, त्येची खवलं खातोय." आणि जाळ्याच्या कोपऱ्यातून त्यांनी तो चोर काढून माझ्या तळहातावर ठेवला.

तो खवलचोर. मत्स्यशास्त्रज्ञ चं. वि. कुलकर्णी यांनी १९५२ साली या माशाचं वर्णन जगापुढे मांडलं, आणि ज्या नमुन्यांवरून मांडलं ते कोल्हापूरच्या पंचगंगेतले होते. त्यांनी त्याच्यासाठी नवी प्रजाती केली आणि जातीच्या नावात 'खवलचोर' हा शब्द जसाच्या तसा ठेवला. 'निओट्रोपियस खवलचोर' हे त्यांनी दिलेलं शास्त्रीय नाव; पुढे प्रजातीचं नाव बदलून 'पॅकिप्टेरस' झालं, पण 'खवलचोर' तसाच राहिला. लंडनच्या किंवा टोकियोच्या संग्रहालयातल्या माणसालाही या माशाबद्दल लिहायचं तर हाच शब्द लिहावा लागतो. कुलकर्णी हे मोठं नाव. १९४० साली त्यांनी मुंबईजवळच्या खाड्यांतला एक इवलासा पारदर्शक मासा शोधून काढला होता, आणि उतारवयात लोणावळ्याला टाटांच्या तलावांवर महसीरची पैदास करण्याच्या कामात ते रमले. मला मात्र ते पंचगंगेच्या काठावर, एका क्षुल्लक माशाचं पोट उघडून त्यात नुसती खवलं बघणारे असेच डोळ्यांपुढे येतात.

खवलचोर स्वतः मार्जारमत्स्यांच्या कुळातला, म्हणजे त्याच्या अंगावर एकही खवल नाही. दुसऱ्याच्या अंगावरून ओरबाडलेल्या खवलांतून त्याला प्रथिनं मिळतात, चुना मिळतो आणि वरचा चिकट थरही पोटात जातो. ज्याची खवलं गेली तो मासा मरत नाही आणि त्याची खवलं पुन्हा उगवतात. असं जगणारे मासे पृथ्वीवर फार थोडे. आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरात अशा माशांची एक जात आहे, त्यांतल्या काहींचं तोंड डावीकडे वळलेलं असतं, काहींचं उजवीकडे. एक गट सावजाच्या एका कुशीवर हल्ला करतो, दुसरा दुसरीवर. मिचिओ होरी या जपानी शास्त्रज्ञानं १९९३ साली दाखवलं की, ज्या बाजूचे चोर वाढतात त्या बाजूला सावज जास्त सावध होतं, मग दुसऱ्या बाजूच्यांचं फावतं आणि दोन्हींचं प्रमाण बरोबरीच्या आसपास झुलत राहतं. हे वाचल्यापासून मी हळदीच्या डोहातल्या जखमी माशांच्या दोन्ही कुशी बघतो. आमचा चोर कोणत्या बाजूनं येतो, बरगे घातल्यावर कोंडलेल्या पाण्यात त्याचं जास्त फावतं का, याचा अभ्यास शिवाजी विद्यापीठातल्या एखाद्या तरुण मुलीनं किंवा मुलानं हाती घ्यावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. तळ्यातल्या मत्स्यशेतीच्या पलीकडेही नदीत विषय आहेत.

तुम्हाला खवलचोर मिळालाच, तर हात ओला करून धरावा, फोटो काढावा, गाव, बंधारा आणि तारीख लिहून ठेवावी आणि त्याला सोडून द्यावं. देशी लहान मासे सगळेच सोडावेत. गळ टाकण्यापूर्वी त्या पट्ट्याचा ठेका कोणत्या मच्छीमार संस्थेकडे आहे ते गावात विचारून परवानगी घ्यावी. ती बहुतेक वेळा आनंदानं मिळते, सोबत चहाही मिळतो. राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत गळ न्यायचाच नाही. जिलेटिनचे बार काढणारे, विजेच्या तारा टाकणारे, विष कालवणारे यांच्याबद्दल मला कसलीही दयामाया नाही. बार आणि विष यांना १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून बंदी आहे, आणि एका स्फोटात डोहातली सगळी पिढी संपते. असं काही दिसलं तर पोलीस पाटलाला लगेच कळवावं.

शिदोरीत भाकरी, झुणका, खर्डा, कांदा असावा. नदीचं पाणी पिऊ नये. गुऱ्हाळं सुरू झाली असतील तर काठाला होडी लावून ताजी काकवी मागावी, न मागताही मिळते.

कोग्याच्या खाली आणखी अर्धा दिवस हाताशी असला तर प्रयाग चिखलीपर्यंत जावं. संगमावर कासारी डाव्या हाताला येऊन मिळते आणि पात्र एकदम रुंद होतं. तिथून पुढे मात्र होडी नेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. खाली कोल्हापूरचं सांडपाणी मिसळतं, त्याखाली इचलकरंजीचं, आणि तेरवाड बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या वारंवार येतात. पंचगंगा शुद्ध व्हावी म्हणून इथली माणसं वर्षानुवर्षं आंदोलनं करत आहेत, न्यायालयात गेली आहेत. ते काम पुरं होईपर्यंत परतीची गाडी चिखलीलाच उभी करायला सांगावी. होडीतली हवा काठावरच सोडावी, तळाचा गाळ आणि शेवाळ तिथेच धुऊन टाकावं, म्हणजे एका नदीची घाण दुसऱ्या नदीत जात नाही, आणि दोन दिवस सावलीत वाळवून मगच ती घडी घालावी.